सोन्याचा झोका

'सोन्याचे कण कॅन्सर जाळणार' असा मथळा अधूनमधून दिसतो. सोनंच का आणि कोणत्या आकाराचं, हे मात्र बातमीत नसतं. कल्पना अशी: गाठीत सोन्याचे कण न्यायचे आणि त्यांच्यावर लेझरचा प्रकाश पाडून ते तापवायचे, म्हणजे गाठ जळते. खरी गंमत तिथेच आहे.

अंधारात टॉर्चवर बोटं धरा, लालभडक दिसतील. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश गिळतं, लाल आरपार येतो. लहरीची लांबी साधारण 650 ते 950 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असेल, तर त्या पट्ट्यात प्रकाश शरीरात सर्वांत खोल जातो. त्यापुढे पाणीच तो शोषू लागतं. म्हणजे आपला कण नेमका याच पट्ट्यात तापला पाहिजे.

सोन्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशलहर म्हणजे सतत दिशा पालटणारं विद्युतक्षेत्र. कण लहरीपेक्षा खूप लहान असेल, तर त्यातले इलेक्ट्रॉन एकदमच एका बाजूला सरकतात आणि मागे राहिलेला धनभार त्यांना परत खेचतो. हा झोकाच झाला! झोक्याची स्वतःची लय असते. त्या लयीत धक्के मिळाले की तो उंच जातो. 20 नॅनोमीटरच्या गोल कणाची लय 520 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा शोषला गेला की द्रावण माणकासारखं लाल दिसतं. शास्त्रज्ञ मायकल फॅरडेने 1857 मध्ये अशा लाल द्रावणांवर काम केलं होतं.

आता कण लांबट करा. टोकांवरचे विरुद्ध भार एकमेकांपासून लांब गेले, ओढ कमी झाली, लय संथ झाली. लांबी जाडीच्या चौपट केली की शोषण 800 नॅनोमीटरच्या आसपास येतं, बरोबर आपल्या पट्ट्यात. झोक्याची ऊर्जा काही पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) अणूंच्या जाळीत उतरते आणि तिथून भोवतालच्या पाण्यात, उष्णता बनून.

हेच कण जेलमध्ये मिसळले की संमिश्र पदार्थ तयार होतो. काही पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचे) जेल ठरावीक तापमानाच्या वर आकसतात. हा उंबरठा शरीराच्या तापमानाहून थोडा वर ठेवायचा. प्रकाश पडला की जेल आकसतं आणि आतलं औषध पिळून बाहेर टाकतं.

सोन्यात म्हणे उपजतच रोग बरा करण्याची शक्ती असते. इथे तसं काही नाही. लेझर बंद केला की हा कण नुसता पडून राहतो.

प्रोस्टेट कॅन्सरच्या 16 रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सिलिकावर (वाळूतल्या द्रव्यावर) सोन्याचं कवच चढवलेले कण वापरले होते. लेझरचा तंतू मात्र थेट ग्रंथीत घालावा लागला, कारण या पट्ट्यातला प्रकाशही बाहेरून तितक्या खोलवर पुरेशा जोराने पोहोचत नाही.