डार्टमूरच्या माळावरची दगडी जोती

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हनमध्ये, डार्टमूर नावाचे ग्रॅनाइटचे उंच पठार आहे. या ओल्या, वाऱ्याच्या माळावर कांस्ययुगातील घरांची सुमारे ५००० दगडी वर्तुळे आढळतात. त्यांतील ग्रिम्सपाउंड ही सर्वांत परिचित वस्ती. समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवरच्या एका खिंडीत, दगडी आवाराच्या आत २४ घरांचे अवशेष आहेत, आणि इसवी सनापूर्वी १३०० च्या सुमारास येथे माणसे राहू लागली असावीत.

आज जे दिसते ते घर नव्हे, घराचे जोते आहे. माळावर मोकळे पडलेले दगड वेचून गोल भिंत रचायची, मध्ये लाकडी खांब उभारायचे आणि त्यांवर शंकूच्या आकाराचे छप्पर शाकारायचे, अशी ही बांधणी होती. लाकूड आणि गवत कुजून गेले, दगड तेवढे उरले. काही घरांच्या दारापुढे वारा अडवण्यासाठी वळणदार आडोसा बांधलेला दिसतो. आवाराची भिंत भक्कम असली, तरी ती शत्रूसाठी होती हे पटत नाही, कारण शेजारच्या उतारावरून सगळी वस्ती उघडी दिसते. गुरे आत ठेवण्यासाठी मात्र ती उत्तम होती. १८९४ मध्ये येथे उत्खनन झाले तेव्हा उत्साही मंडळींनी काही पडझड पुन्हा रचली, त्यामुळे प्रत्येक दगड मूळ जागचाच आहे असे धरून चालत नाही.

याच पठारावर मैलोन्‌मैल सरळ जाणारे दगडी बांध घातलेले होते. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांनी ते प्रागैतिहासिक असल्याचे दाखवून दिले, आणि ओसाड वाटणारा हा माळ एके काळी आखून वाटलेली जमीन होता हे स्पष्ट झाले. पुढे हवामान थंड आणि ओले होत गेले, पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली मातीचे, थर वाढले आणि बहुतेक वस्त्या उठल्या.

येथील आम्लयुक्त मातीत हाडे विरघळतात, त्यामुळे या घरांतली माणसे आपल्याला जवळजवळ दिसतच नाहीत. पाण्याने भरलेले पीट मात्र हवा रोखून धरते आणि नाजूक वस्तूही टिकवते. २०११ मध्ये व्हाइटहॉर्स टेकडीवर पीटमधली एक छोटी दगडी पेटी उघडली, तेव्हा या घरांहून काही शतके जुन्या अशा एका तरुण व्यक्तीच्या जळालेल्या अस्थी सापडल्या. त्या अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या होत्या, आणि सोबत विणलेली टोपली व अंबर (झाडाची जीवाश्म बनलेली राळ) आणि कथलाचे मणी होते.