वायफाय स्पीकर पारखायचा तर डग्ग्यावर

गोव्यातल्या जुन्या चिरेबंदी घरात वायफाय स्पीकर आणला की त्याची पहिली गाठ भिंतीशी पडते. दीड-दोन फूट जाडीचा चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा लवकर क्षीण होतात. राउटर सोप्यावर आणि स्पीकर दोन भिंतींपलीकडे असेल, तर मे महिन्यात सुरळीत वाजणारं गाणं आषाढात अडखळू शकतं. अशा वेळी स्पीकर बदलून उपयोग नाही. राउटरपासून लॅन केबल आतल्या खोलीपर्यंत नेऊन तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्या खोलीत वायफाय देणारं यंत्र, लावावा, आणि खर्च करायचाच तर आधी यावर करावा.

हे एकदा जमलं की बिनतारी असण्याची चिंता जवळजवळ मिटते. सीडीच्या दर्जाच्या संगीताला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात आणि घरगुती वायफायला ते अगदी किरकोळ आहेत. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात; सर्वांकडे असणारा एसबीसी कोडेक साधारण ३२८ किलोबिटांवर थांबतो, एलडॅक हा कोडेक ९९० पर्यंत जातो. पण मला ब्लूटूथची खरी अडचण वाटते ती वेगळीच: गाणं फोनमधून वाहतं, म्हणून फोन वाजला की गाणं थांबतं आणि फोन घेऊन परसात गेलं की तुटतं. कास्ट पद्धतीच्या नेटवर्क स्पीकरमध्ये फोन फक्त हुकूम देतो, गाणं स्पीकर स्वतः इंटरनेटवरून खेचतो. ॲपलच्या एअरप्लेमध्ये मात्र बहुतेक वेळा फोनच गाणं पाठवत असतो. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हाच: फोन बंद केला तर गाणं चालू राहील का?

सोप्यावर एक, स्वयंपाकघरात एक आणि बल्कांवात (दारापुढच्या बसायच्या ओसरीत) एक असे स्पीकर एकाच वेळी वाजवायचे असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. प्रत्येक स्पीकरच्या आत क्वार्ट्झ स्फटिकाचं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. दोघांत दशलक्षात ५० भागांचा फरक असला, तर तासाभरात एक स्पीकर दुसऱ्याच्या १८० मिलिसेकंद मागे पडेल. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं की काही मिलिसेकंदांपासून सुमारे ३० मिलिसेकंदांपर्यंत उशिरा आलेला आवाज कान पहिल्यातच मिसळून घेतो. त्यापुढे तो हळूहळू प्रतिध्वनी म्हणून वेगळा ऐकू येऊ लागतो. म्हणून हे स्पीकर आपसात सतत वेळ जुळवत राहतात. दोन स्पीकर डावा-उजवा म्हणून लावले तर अट फारच कडक होते, कारण तिथे एका मिलिसेकंदाच्या चुकीनेही गायिका मधून एका बाजूला सरकते. एकाच कंपनीचे, एकाच जातीचे दोन स्पीकर जोडीने घ्या असं सांगतात ते यासाठी.

आता आवाजाकडे. पेटी लहान आणि खर्ज मोठा, हे निसर्गाला मान्य नाही. आवाज तेवढाच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. २०० हर्ट्झवरून ५० वर यायचं तर सोळापट. हाताएवढ्या पेटीतला पडदा तेवढा हलूच शकत नाही. म्हणून आतला प्रोसेसर युक्ती करतो: आवाज कमी असताना खालचे स्वर उचलून देतो, आवाज वाढवला की पडदा फाटू नये म्हणून तेच स्वर गुपचूप दाबतो. हळू वाजताना भरदार वाटलेला स्पीकर पाहुणे आल्यावर पोकळ का वाटतो, त्याचं कारण इथे सापडतं.

तंबोरा या बाबतीत कानाला चकवतो. काळी एकच्या षड्जावर लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची. लहान स्पीकर ६९ हर्ट्झ जवळजवळ काढतच नाही, तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो. कारण जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला अलगद घासत झणझणते त्यामुळे, त्या तारेतून १३८, २०७, २७६ असे उपस्वर भरपूर निघतात आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. त्यामुळे तंबोऱ्यावर खर्ज पारखू नये. डग्गा घ्यावा. त्याच्या घुमाऱ्यात १०० हर्ट्झच्या खालची ताकद खरोखर लागते, आणि मींड घेत घुमारा वर सरकताना मध्येच कुठे तो फुगला किंवा गळला तर लगेच कळतं. दायाँही उपयोगी आहे. शाईमुळे तबल्याचे उपस्वर स्वरात बसतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच दाखवलं होतं. स्पीकर एखाद्या स्वरपट्ट्यात उगाच चढत असेल तर ही बसलेली घडी विस्कटते आणि ‘ना’ बोचरा होतो.

केरीच्या केसरबाई केरकरांचा भैरवीतला आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला. गोव्यात त्यांच्या तबकड्यांवर प्रेम करणारी घरं अजून आहेत, आणि त्यांनी त्या जरूर ऐकाव्यात. पण ७८ आरपीएमच्या त्या मुद्रणांत अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर फारसे उतरलेलेच नाहीत. त्यांच्यावर कळतो तो मधला पट्टा, म्हणजे गळा. त्याचं महत्त्व मी कमी मानत नाही. पण डग्ग्यासाठी अलीकडचं, स्वच्छ ध्वनिमुद्रण लागेल.

स्पीकरइतकीच खोलीही वाजते. पाच मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ३५ आणि ७० हर्ट्झला लहरी दोन भिंतींमध्ये उभ्या राहतात. तुमची खुर्ची भिंतीपासून सव्वा मीटरवर असेल तर ७० हर्ट्झचा स्वर तिथे नाहीसा होतो, भिंतीला टेकून बसलात तर तोच घुमतो. म्हणून स्पीकर परत करण्याआधी खुर्ची हातभर हलवून पाहा. वरच्या स्वरांचा त्रास वेगळा. वॉलेस सबाइन यांनी हार्वर्डमध्ये १८९५ पासून प्रयोग करून जे सूत्र बांधलं, त्यानुसार ७० घनमीटरच्या, फरशी आणि गिलाव्याच्या उघड्या खोलीत आवाज विरायला सुमारे दोन सेकंद लागू शकतात. जाड पडदे, गादी, सतरंजी आणि चार माणसं आली की तोच काळ एका सेकंदाच्या आत येतो. त्या दोन सेकंदांत द्रुत लयीतली तान एकमेकींवर चढून तिचा लगदा होतो, आणि दोष मात्र स्पीकरला मिळतो.

दोन स्पीकरांची तुलना करताना सर्वांत मोठा धोका आवाजाच्या पातळीचा. एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर कानाला मोठा न वाटता चांगला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज कमी असताना कानाला खालचे स्वर फार कमी जाणवतात. आवाज थोडा वाढला की तेच भरून येतात. फोनवरचं ध्वनिमापक ॲप बसायच्या जागी ठेवून दोन्ही स्पीकर एका पातळीवर आणावेत. मग पडदा लावावा आणि बदलायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यावं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या प्रयोगात स्पीकर डोळ्यांसमोर असताना आणि पडद्याआड असताना त्याच श्रोत्यांची मतं बदलली होती. तुलना एकेका स्पीकरचीच करावी. जोडीत दोष लपतात. रात्री तुम्ही ज्या हळू आवाजात ऐकता, त्या पातळीवरही एकदा ऐकावं. शोरूममध्ये हे कधीच होत नाही.

आणखी एक गोष्ट किमतीच्या पाटीवर लिहिलेली नसते. नेटवर्क स्पीकर हा संगणक आहे, आणि त्याचं आयुष्य कंपनीच्या सर्व्हरवर आणि ॲपवर टांगलेलं असतं. गूगलने क्रोमकास्ट ऑडिओ या, साध्या स्पीकरला वायफायवर आणणाऱ्या छोट्या उपकरणाची विक्री २०१९ मध्ये थांबवली. मार्च २०२५ मध्ये एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि घराघरांत धडधाकट असलेली ती उपकरणं कास्ट स्वीकारेनाशी झाली; दुरुस्ती यायला काही दिवस गेले. म्हणून दोन स्पीकर कानाला सारखेच भावले, तर ज्याच्या मागे तारेने जोडायची लाइन-इन खाच आहे तो घ्यावा.