डेस्कटॉप ॲपलेट: टर्मिनलवरून दोषशोध
पडद्याच्या पट्टीवर बसणारे घड्याळ, हवामान किंवा भरती-ओहोटीचे छोटे ॲपलेट बिघडले की त्याचा दोष टर्मिनलमधून आज्ञा देऊन शोधण्याची आणि त्यासाठी त्याच्या नोंदी, म्हणजे लॉग, ठेवण्याची पद्धत. लिनक्सवर तिची गरज विशेष भासते. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपवर असे ॲपलेट एक्स्टेंशन, म्हणजे जोडणी, म्हणून बसते. ते जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहितात, पण ते वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालत नाही. ग्नोमचा पडदा आणि पट्टी सांभाळणाऱ्या शेलच्याच पोटात चालते. त्याने कन्सोल.लॉग या आज्ञेने लिहिलेले सिस्टिमडीच्या, म्हणजे लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या, जर्नलमध्ये (नोंदवहीत) जाऊन पडते. जर्नलसीटीएल -एफ ही आज्ञा दिली की नव्या नोंदी येतील तशा समोर दिसत राहतात.

'लॉग' हा शब्द दर्यावर्दींकडून आला. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो जहाजामागे सोडत, ठरावीक वेळात किती गाठी सुटल्या ते मोजत आणि वहीत टिपत. तीच लॉगबुक.

हर्णै बंदराची भरती दाखवणारे ॲपलेट उदाहरणादाखल घेऊ. भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून वेळेची बेरीज-वजाबाकी आलीच. जावास्क्रिप्टला मराठी पद्धतीने वेळ मागितली तर ती देवनागरी अंकांत मिळते. ती पुन्हा संख्येत बदलायला गेले की उत्तर 'एनएएन', म्हणजे 'संख्या नव्हे', असे येते. हा दोष आपल्याला हमखास चकवतो, कारण लॉगमध्ये '६' वाचताना मराठी डोळ्याला काहीच खटकत नाही. म्हणून मूल्याबरोबर त्याचा प्रकारही नोंदवावा: मजकूर की संख्या. तास जावास्क्रिप्टच्या गेट-अवर्स या आज्ञेने थेट संख्येत घ्यावेत आणि देवनागरी रूप फक्त पडद्यावर दाखवताना द्यावे.

नोंदींच्या गांभीर्याच्या पायऱ्या ० ते ७ अशा आठ. ० सर्वांत गंभीर, ७ डीबगच्या, म्हणजे दोषशोधापुरत्या. प्लाझ्मा या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपचे विजेट, म्हणजे तिथले ॲपलेट, प्लाझ्मॉइडव्ह्यूअर या आज्ञेने वेगळ्या खिडकीत चालवून पाहता येते.

कोकणात पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा नोंदी टिकणे हाच मुख्य प्रश्न होतो. व्हार-लॉग-जर्नल ही निर्देशिका (फोल्डर) नसेल तर सिस्टिमडीच्या अनेक आवृत्त्यांत जर्नल मूळ रचनेत रन-लॉग या निर्देशिकेखाली मेमरीतच राहतो आणि संगणक बंद पडताच जातो. ही निर्देशिका आधीच करून ठेवावी. मग लाईट आल्यावर जर्नलसीटीएल -बी -१ ने मागच्या खेपेच्या नोंदी वाचता येतात. तरीही शेवटच्या काही ओळी हरवू शकतात. पायरी ० ते २ च्या नोंदी लगेच डिस्कवर पक्क्या होतात, पण साध्या त्रुटीची पायरी ३ असते आणि तिथून पुढच्या नोंदींना मूळ रचनेत ५ मिनिटांपर्यंत थांबावे लागते. दोष शोधण्यापुरती ही मुदत जर्नलडीच्या, म्हणजे जर्नल लिहिणाऱ्या सेवेच्या, कॉन्फ (मांडणीच्या) फाइलमध्ये काही सेकंदांवर आणता येते.