‘मॅड मॅक्स २’: समीक्षकांची नजर कशी बदलली

१९८० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ‘मॅड मॅक्स’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटाला कुरूप आणि विस्कळीत म्हणून मोडीत काढलं. दोनच वर्षांनी त्याच वृत्तपत्रात व्हिन्सेंट कॅन्बी यांनी या चित्रपटाच्या दुसऱ्या भागावर लिहिलं, तेव्हा सूर पार पालटला होता. अणुयुद्धानंतरचं जग इतकं उजाड, इतकं क्रूर, आणि तरीही इतकं थरारक नि मधूनच हसवणारं आजवर पडद्यावर दिसलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं. दिग्दर्शक तोच होता, नायकही तोच. गाड्या तशाच एकमेकींवर आदळत होत्या, माणसं तशीच चिरडली जात होती. मग दोन वर्षांत बदललं काय?

आधी पहिल्या भागाच्या वाट्याला काय आलं ते पाहू. जॉर्ज मिलर हे मूळचे डॉक्टर. सिडनीच्या रुग्णालयात अपघात विभागात काम करताना रस्त्यावर चेंदामेंदा झालेली शरीरं त्यांनी रोज पाहिली. त्याआधी क्वीन्सलंडमधल्या चिंचिला या छोट्या गावात वाढताना, सपाट सरळ रस्त्यांवर सुसाट गाड्या हाकणारे बरोबरीचे तरुण अपघातात गेलेलेही पाहिले होते. निर्माते बायरन केनेडी यांच्याबरोबर साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये त्यांनी १९७९ चा ‘मॅड मॅक्स’ केला. पटकथेत त्यांच्या सोबतीला जेम्स मॅककॉसलंड हे पत्रकार होते. १९७३ च्या तेलटंचाईत पेट्रोल पंपांपुढच्या रांगांमध्ये साधीसुधी माणसं टाकी भरून घेण्यासाठी किती हिंस्र होतात हे आपण पाहिलं आणि तेच पटकथेत उतरलं, असं मॅककॉसलंड यांनी पुढे लिहिलं आहे.

या चित्रपटावर सर्वांत जहाल हल्ला घरातूनच झाला. ‘द बुलेटिन’ साप्ताहिकात फिलिप अ‍ॅडम्स यांनी त्याला मृत्यूचं घातक अश्लील प्रदर्शन ठरवलं, आणि बलात्कारी व बालहत्या करणाऱ्यांना तो विशेष आवडेल असं लिहिलं. अ‍ॅडम्स हे कुणी ऐरेगैरे टीकाकार नव्हते. मरगळलेला ऑस्ट्रेलियन चित्रपट उभा राहावा, त्याला सरकारी पाठबळ मिळावं म्हणून ज्यांनी धडपड केली, त्यांत ते अग्रभागी होते. म्हणून त्यांचा संताप मला समजून घ्यावासा वाटतो. सत्तरच्या दशकात तिथल्या समीक्षकांना अभिमान होता तो ‘पिकनिक अ‍ॅट हँगिंग रॉक’सारख्या चित्रपटांचा: जुना काळ, मंद लय, देखणी चौकट, देशाच्या भूतकाळाशी नातं. सरकारी पैशातून उभी राहिलेली ही नवी लाट जगाला दाखवण्याजोगी होती. तिच्या शेजारी खासगी पैशातून उभारलेला हा मोटारींचा चित्रपट येऊन ठाकला आणि जगभर साऱ्यांपेक्षा जास्त चालला. खर्चाच्या तुलनेत सर्वाधिक नफ्याचा गिनेस विक्रम त्याच्या नावावर १९९९ पर्यंत राहिला.

परदेशातली वाटही सोपी नव्हती. न्यूझीलंडनं त्यावर बंदी घातली. स्वीडनमधली बंदी तर २००५ पर्यंत टिकली. अमेरिकेतल्या वितरकानं ऑस्ट्रेलियन उच्चार लोकांना कळणार नाहीत म्हणून संवाद अमेरिकन आवाजांत डब करून घेतले. मॅक्सची भूमिका करणाऱ्या मेल गिब्सनचा आवाजही त्यातून सुटला नाही. साहजिकच तिथे तो फारसा चालला नाही. एक गोष्ट मात्र मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. मिलर स्वतः त्या चित्रपटावर नाराज होते. जवळपास वर्षभर संकलनाच्या टेबलावर बसून आपल्या चुका रोज पाहाव्या लागल्या, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. दुसरा भाग करायला ते तयार झाले त्यामागे नफा होताच, पण जे डोक्यात होतं ते पहिल्या वेळी पडद्यावर उतरलं नाही, ही रुखरुखही होती.

पहिल्या भागात जग अजून बुडालेलं नाही, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. तिथे पोलीस आहेत, कोर्ट आहे, मॅक्सला बायको आहे, लहान मूल आहे, सुट्टी घालवायला समुद्रकिनारा आहे. समाज कडेलोटावर उभा आहे, एवढंच. जगबुडी येते ती दुसऱ्या भागात, तीही सुरुवातीच्या काही मिनिटांत. एक म्हातारा आवाज आठवणी सांगू लागतो. पडद्याच्या मध्यभागी छोट्या चौकटीत कृष्णधवल दृश्यं सरकतात: युद्ध, तेलविहिरी, दंगली. दोन बलाढ्य टोळ्या लढल्या आणि सगळं संपलं, इतकंच आपल्याला कळतं. मग इंजिनाची गर्जना होते, चौकट एकदम रुंद होते आणि समोर रिकामा रस्ता धावू लागतो.

या प्रस्तावनेनं दोन कामं केली. अमेरिकेत पहिला भाग फार थोड्यांनी पाहिला होता, म्हणून वॉर्नर ब्रदर्सनं मे १९८२ मध्ये नावातला ‘दोन’चा आकडा काढून ‘द रोड वॉरियर’ या नावानं चित्रपट आणला. मागचं काहीही ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही त्या निवेदनामुळे कथेत शिरता आलं. दुसरं काम जास्त खोलवरचं आहे. पहिल्या भागातली हिंसा आजच्या रस्त्यावरची होती, शेजारच्या घराबाहेर घडू शकेल अशी, आणि अ‍ॅडम्स यांच्यासारख्यांना तीच सहन झाली नाही. दुसऱ्या भागात ती दंतकथेच्या काळात गेली. सांगणारा म्हातारा आहे आणि त्यानं हे लहानपणी पाहिलं आहे, हे शेवटी उलगडतं. म्हणजे आपण पाहिलं ते कुणाच्या तरी स्मरणातून आलेलं, मोठं होत गेलेलं. या अंतरामुळे समीक्षकांना श्वास घ्यायला जागा मिळाली. पहिल्या भागाच्या यशानंतर मिलर पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांचं नायककथांवरचं लेखन वाचत होते. जपानी लोकांना मॅक्समध्ये सामुराई दिसला आणि उत्तर युरोपातल्यांना व्हायकिंग, असं ते सांगत. दुसऱ्या भागात त्यांनी ते जाणीवपूर्वक पेरलं.

पण केवळ दंतकथेनं समीक्षक वळले असते असं मला वाटत नाही. त्यांना वळवलं ते कसबानं. १९८१ च्या हिवाळ्यात न्यू साउथ वेल्समधल्या ब्रोकन हिलच्या परिसरात चित्रीकरण झालं. खर्च सुमारे ४५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे पहिल्याच्या दहापट. डीन सेमलर यांच्या कॅमेऱ्यानं क्षितिज खाली ठेवून आकाश आणि माती यांची अशी पट्टी धरली की गाडी कुठून येते, कुठे जाते, कोण कुणाच्या मागे आहे, हे क्षणभरही सुटत नाही. मॅक्सच्या तोंडी संपूर्ण चित्रपटात वीसही वाक्यं नाहीत. त्याची बंदूक बराच काळ रिकामी असते आणि तो ती नुसती रोखून वेळ मारून नेतो. कुत्र्याच्या अन्नाचा डबा तो स्वतः खातो, उरलेलं कुत्र्याला देतो आणि बांधून ठेवलेला तिसरा माणूस आशाळभूतपणे पाहत राहतो. या जगात भूक केवढी आहे हे सांगायला इथे एकही संवाद लागत नाही.

मिलर यांची ओढ मूकपटांकडे होती. बस्टर कीटन, हॅरॉल्ड लॉइड यांच्याकडून त्यांनी धडे घेतले. शब्दांवाचून, केवळ एका दृश्याला दुसरं जोडून अर्थ कसा उभा राहतो हे त्यांना हवं होतं. शेवटचा टँकरचा पाठलाग हे त्याचं टोक. तिथे संगणकाची जादू नाही, धावत्या गाड्यांवर खरी माणसं आहेत. टँकर उलटवणाऱ्या चालकाला त्याआधी बारा तास उपाशी ठेवलं होतं, कारण शस्त्रक्रियेची वेळ आली तर पोट रिकामं असावं. गाय नॉरिस हा विशीतला स्टंटमन मोटारसायकलवरून उडताना गाडीवर आपटला, हवेत गरगरला आणि त्याचा पाय मोडला. ते दृश्य चित्रपटात आहे. पाहताना पोटात गोळा येतो, आणि यायलाच हवा.

शिकागोचे रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी साडेतीन तारे दिले. कथानकाचा नुसता सांगाडा आहे हे त्यांनाही दिसलं, पण त्यांनी तो दोष धरला नाही. हा निखळ गतीचा चित्रपट आहे आणि गतीतच त्याचा आशय आहे, अशी त्यांची भूमिका होती. लॉस एंजेलिसच्या समीक्षक संघटनेनं त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम परदेशी चित्रपट म्हणून गौरवलं. सहसा परभाषेतल्या कलात्मक चित्रपटांना मिळणारा हा मान इंग्रजी बोलणाऱ्या मारधाडपटाला मिळाला. फ्रान्सच्या आव्होरियाझ महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी उन्हाळ्यात अमेरिकेत ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ प्रदर्शित झाले होते. आज अभिजात मानले जाणारे हे दोन्ही विज्ञानपट तेव्हा समीक्षकांच्या गळी उतरले नाहीत. ‘रोड वॉरियर’ला मात्र वाट पाहावी लागली नाही.

विरोधाचे सूरही होते आणि ते दखल घेण्याजोगे होते. ‘न्यूयॉर्कर’च्या पॉलिन केल यांना मिलर यांची प्रतिभा मान्य होती, पण दंतकथेचा हा सोस त्यांना उसना आणि भावुक वाटला. मला त्यांचं म्हणणं अर्धं पटतं. नायक मोठा दिसावा म्हणून निवेदन काही वेळा गरजेपेक्षा जास्त बोलतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. नॉर्मा मोरिसो यांच्या वेशभूषेनं खलटोळीला चामडं, साखळ्या आणि पंक केशरचना दिली. ती दृष्टी विलक्षण होती, पण समलैंगिकतेच्या खुणा फक्त दुष्टांच्या अंगावर आणि पांढरे कपडे सज्जनांच्या, ही विभागणी नजरेत भरते. ऑस्ट्रेलियातून तिसरा प्रश्न आला. हा प्रदेश रिकामा, निर्मनुष्य म्हणून दाखवला जातो, पण इथे हजारो वर्षं राहणारे आदिवासी कुठे आहेत? सांस्कृतिक अभ्यासक मेगन मॉरिस यांनी १९९८ मध्ये या मालिकेतला मोकळा रस्ता गोऱ्या वसाहतवाद्यांच्या जुन्या भयाशी जोडून दाखवला. ज्या चित्रपटाला आधी नुसतं घाणेरडं म्हटलं होतं, त्याचं असं बारीक वाचन होऊ लागलं, हे मला त्याच्या पारितोषिकांइतकंच मोलाचं वाटतं.

नकलाही लगोलग आल्या. १९८३ पासून इटलीत स्वस्तातल्या ओसाड-जगपटांची रांग लागली. जपानमध्ये त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार’ या मांगानं, म्हणजे चित्रकथेनं, मॅक्सचं चामडी जाकीट आणि उजाड रस्ते उघडपणे उचलले. ‘जगबुडीनंतर’ म्हटलं की वाळवंट, गंजलेल्या गाड्या आणि इंधनाची मारामारी, हे समीकरण इथून रूढ झालं. पुढच्या प्रत्येक चित्रपटाला समीक्षक याच मापानं मोजू लागले. १९९५ च्या ‘वॉटरवर्ल्ड’मध्ये वाळूच्या जागी समुद्र आला तरी तुलना चुकली नाही. त्याचे छायालेखकही सेमलरच होते.

जुलै १९८३ मध्ये बायरन केनेडी हेलिकॉप्टर अपघातात गेले. १९८५ चा तिसरा भाग ‘बियाँड थंडरडोम’ मिलर यांनी जॉर्ज ओगिल्वी यांच्या जोडीनं दिग्दर्शित केला. ईबर्ट यांनी त्याला पुरे चार तारे दिले. तरी मुलांच्या टोळीपाशी त्याची धार बोथट होते असं अनेक चाहत्यांचं मत आहे, आणि माझंही. मग तब्बल तीस वर्षं पडदा रिकामा राहिला.

२०१५ मध्ये ‘फ्युरी रोड’ आला, कान महोत्सवात स्पर्धेबाहेर दाखवला गेला, आणि तिथल्या समीक्षकांना काय पाहावं हे आता शिकवावं लागलं नाही. ब्रोकन हिलच्या वाळवंटात पावसामुळे फुलं उगवली म्हणून चित्रीकरण नामिबियात हलवावं लागलं होतं. स्टंटची सूत्रं गाय नॉरिस यांच्याकडे होती, तेच, पाय मोडून घेतलेले. छायालेखक जॉन सील यांना प्रत्येक दृश्याचा केंद्रबिंदू चौकटीच्या मध्यावर ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे कितीही जलद तुकडे जोडले तरी डोळा चुकू नये. स्त्रीपात्रांबद्दलही जुने आक्षेप होते; ते मिलर यांनी ऐकले होते असं यातली नायिका फ्युरिओसा पाहून वाटतं. आंतरराष्ट्रीय समीक्षक महासंघानं त्याला वर्षातला सर्वोत्तम चित्रपट ठरवलं. ऑस्करसाठी दहा नामांकनं मिळाली.

‘मॅड मॅक्स २’ला मायदेशी, १९८२ च्या ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूट पुरस्कारांत, दिग्दर्शन, संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा अशी पाच पारितोषिकं मिळाली होती. ‘फ्युरी रोड’ला मिळालेली सहा ऑस्कर पाहा: संकलन, ध्वनीची दोन, कलादिग्दर्शन, वेशभूषा आणि रंगभूषा. चौतीस वर्षांनी जवळजवळ तीच यादी. दिग्दर्शनाचं तेवढं हुकलं. संकलनाचं ऑस्कर मार्गारेट सिक्सेल यांचं. त्यांच्यापुढे सुमारे ४८० तासांचं चित्रीकरण होतं, आणि मारधाडपट त्यांनी त्याआधी कधी कापला नव्हता. मला का निवडलं, असं त्यांनी विचारल्यावर मिलर यांनी सांगितलं होतं की नाहीतर हा इतर सगळ्या मारधाडपटांसारखाच दिसेल.