पार्श्वभूमी : एका काचेचा हट्ट सुटला तेव्हा

चिलीच्या अटाकामा वाळवंटात सेरो आर्माझोनेस नावाचा डोंगर आहे. 2014 साली सुरुंग लावून त्याचा माथा सपाट केला. तिथे, 3046 मीटर उंचीवर, युरोपची 39 मीटर व्यासाची दुर्बीण उभी राहते आहे. एवढा आरसा म्हटलं की डोळ्यांपुढे एक अवाढव्य काच येते. प्रत्यक्षात ते 798 षटकोनी तुकडे आहेत, प्रत्येक जेमतेम 5 सेंटिमीटर जाड.

ही युक्ती सहजी सुचलेली नाही. भिंगांची मजल 1897 मध्ये अमेरिकेतल्या येर्क्सच्या 40 इंची दुर्बिणीपाशी संपली. भिंगाला कडेनेच धरता येतं, त्यामुळे फार मोठं केलं तर ते स्वतःच्याच वजनाने वाकतं. आरशाला पाठीमागून टेकू देता येतो, म्हणून पुढचं शतक आरशांचं.

पण काच एकच हवी, हा हट्ट कायम होता. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या 200 इंची आरशासाठी कॉर्निंगच्या कारखान्यात मार्च 1934 मध्ये पायरेक्स ही उष्णता सोसणारी काच ओतली. वजन कमी व्हावं म्हणून आरशाच्या पाठीत पोकळ घरं ठेवायची होती, त्यासाठी साच्यात ठोकळे बोल्टने बसवले होते. उष्णतेने बोल्ट निकामी झाले आणि ठोकळे सुटून रसरशीत काचेवर तरंगू लागले. डिसेंबरात दुसऱ्यांदा ओतलेली काच निवायलाच दहाएक महिने गेले. मध्ये महायुद्ध आलं, घासकाम रखडलं, उद्घाटनाला 1948 उजाडलं. सोव्हिएत रशियाने पुढे 6 मीटरचा आरसा केला, पण ती 42 टनांची काच रात्रीच्या हवेइतकी लवकर थंडच होईना, आणि त्यापायी प्रतिमा बिघडत.

1977 च्या सुमारास कॅलिफोर्नियात जेरी नेल्सन यांनी आरशाचे तुकडे करायचं ठरवलं. अडचण अशी की मोठ्या वक्र आरशाचा कडेचा तुकडा गोलाकार वक्रतेचा नसतो, आणि घासायची यंत्रं गोल वक्रताच नीट काढतात. मग तुकड्याच्या कडांना ताण देऊन तो मुद्दाम वाकवायचा, वाकलेल्या अवस्थेत गोल घासायचा आणि ताण सोडून द्यायचा. काच उसळून हव्या त्या आकारात येते! माझ्या मते गेल्या शतकातली दुर्बीणशास्त्रातली सगळ्यात देखणी कल्पना हीच. हवाईच्या मौना केआ डोंगरावरच्या केक दुर्बिणीत असे 36 तुकडे मिळून 10 मीटरचा आरसा होतो. सेन्सर आणि संगणक सेकंदाला दोनदा त्यांची जागा नॅनोमीटरच्या हिशेबात सावरत राहतात.

ॲरिझोनात रॉजर एंजल यांनी मात्र एकसंध काचेची वाट सोडली नाही. फुटबॉल स्टेडियमच्या खाली फिरत्या भट्टीत ते 8.4 मीटरचे आरसे ओतू लागले. असे सात आरसे जायंट मॅजेलन दुर्बिणीत शेजारी शेजारी बसणार आहेत. म्हणजे तुकडे तिथेही आलेच.

आरसा कितीही मोठा केला तरी वरच्या हवेच्या थरथरीने प्रतिमा धूसर होतेच. त्यावरचा उपाय अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी 1953 मध्येच सुचवला होता. आरशाचा आकार क्षणोक्षणी बदलून थरथर खोडायची. युरोपीय दुर्बिणीतला यासाठीचा आरसा सेकंदाला हजार वेळा आकार बदलू शकेल.

काचेचा प्रश्न असा सुटला, तर जागेचा उभा राहिला. थर्टी मीटर टेलिस्कोप या 30 मीटर आरशाच्या नियोजित दुर्बिणीसाठी 2009 मध्ये मौना केआ निवडला. मूळ हवाईयन लोकांना तो डोंगर पवित्र आहे, आणि त्यावर आधीच तेरा दुर्बिणी होत्या. 2015 मध्ये लोकांनी रस्ता अडवला. त्याच वर्षी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला, कारण हरकतींची सुनावणी व्हायच्या आधीच तो दिला होता. आधी कळस, मग पाया. 2018 मध्ये नवा परवाना न्यायालयात टिकला, पण 2019 च्या जुलैत रस्त्यावर बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना अटक झाली आणि काम पुन्हा ठप्प झालं.

या प्रकल्पात भारतही भागीदार आहे. 2014 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. पुण्याची आयुका, बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि नैनितालची एरीज यांच्याकडे आपल्या वाट्याचं काम आहे. बंगळुरूजवळ होस्कोटे इथे तिच्या आरशाचे तुकडे घासण्यासाठी उभारलेली कार्यशाळा नेल्सन यांच्याच, वाकवून घासायच्या पद्धतीची आहे. ज्या दुर्बिणीसाठी ती उभारली, ती हवाईत होणार की स्पेनच्या ला पाल्मा बेटावर, ते अजून ठरायचं आहे.