बाराकुडाच्या थव्याजवळ डायव्हिंग करण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्यासोबत डायव्हिंगला येणाऱ्या अनेक ग्राहकांना बाराकुडाचा थवा पाहण्याची ओढ असते आणि त्याच वेळी त्या माशाच्या दातांची धास्तीही वाटत असते. ही धास्ती निराधार नाही, पण ती बहुतेक वेळा चुकीच्या प्रसंगी वाटते. दिवसा प्रवाळखडकाच्या कडेला शेकड्यांनी जमलेला थवा माणसाला जवळजवळ निरुपद्रवी असतो. खरी काळजी घ्यावी लागते ती गढूळ पाण्यात, अंगावर चकाकणारी वस्तू असताना किंवा जवळपास कोणी भाल्याने मासे मारत असताना. हा फरक पाण्यात उतरण्यापूर्वी नीट समजून घ्यावा, यासाठी हे माहितीपत्रक आहे.

अटलांटिक, हिंदी आणि प्रशांत या तिन्ही महासागरांच्या उष्ण व उपोष्ण पट्ट्यांत बाराकुडाच्या पंचवीसहून अधिक जाती आढळतात आणि त्या सगळ्या स्फायरिना या एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) मोडतात. त्यांतील सर्वांत मोठी जाती म्हणजे थोर बाराकुडा. ती जवळजवळ दोन मीटरपर्यंत वाढू शकते, मात्र दिसणारे मासे सहसा मीटरभर लांबीचे किंवा त्याहून लहान असतात. या जातीचा पूर्ण वाढलेला मासा बहुधा एकटाच फिरतो. शेपटीवरील पांढरी टोके आणि पोटाकडील बाजूस विखुरलेले काळे डाग यांवरून तो ओळखू येतो. आपण छायाचित्रांत पाहिलेले प्रचंड थवे मात्र बहुतेकदा दुसऱ्या जातींचे असतात. त्यांपैकी काळ्या परांच्या बाराकुडाच्या अंगावर वीसच्या आसपास गडद उभे पट्टे असतात आणि शेपटीला काळी किनार असते. मलेशियातील सिपादान बेटाजवळचे ‘बाराकुडा पॉइंट’ हे ठिकाण अशाच थव्यांमुळे जगभर प्रसिद्ध झाले आहे.

मासा जवळून दिसला तर आधी त्याच्या जबड्याकडे लक्ष द्यावे. खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला असतो आणि तोंड पूर्ण मिटलेले नसेल तर आतले कमी-अधिक लांबीचे, सुळ्यासारखे दात दिसतात. मासा तोंडाची सावकाश उघडझाप करीत राहतो, ती पाहून तो चावण्याच्या तयारीत आहे, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात तो कल्ल्यांवरून पाणी खेळवून श्वास घेत असतो. पाठीवरील दोन पर एकमेकांपासून बरेच दूर असतात आणि त्यांतला मागचा पर शेपटीजवळ असतो. शरीराची ही ठेवण दूरच्या पाठलागापेक्षा जागच्या जागी थबकून राहण्यासाठी आणि अचानक वेगाने झेपावण्यासाठी सोयीची आहे. कधी कधी एखादा बाराकुडा खडकाजवळ तोंड उघडे ठेवून स्थिर राहतो आणि लहानसे सफाई करणारे मासे त्याच्या दातांभोवती वावरत परजीवी टिपत असतात. हे दृश्य दिसल्यास पुढे सरकू नये, कारण आपण जवळ गेल्यावर सफाई थांबते आणि दोन्ही मासे निघून जातात.

थवा दिवसाच का दिसतो, असे आम्हांला वारंवार विचारले जाते. काळ्या परांचे बाराकुडा दिवसा एकत्र राहतात आणि रात्री शिकारीसाठी पांगतात. एकत्र राहिल्याने शार्कसारख्या मोठ्या शिकाऱ्याला एका माशावर नजर ठेवणे अवघड जाते. म्हणजेच आपण पाहतो तो थवा बहुतांशी विश्रांती घेत असतो, आणि म्हणूनच त्याला त्रास न देणे हे आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे.

थवा दिसताच त्याच्या दिशेने जोरात फिन्स (पायांत घालायची पोहण्याची पाती) मारणे, ही नवख्या डायव्हरकडून हमखास होणारी गोष्ट आहे, आणि तिचा परिणामही ठरलेला असतो: मासे तेवढेच अंतर राखून पुढे सरकतात, थवा दुभंगतो आणि मग सर्वांनाच मोकळे निळे पाणी पाहत बसावे लागते. त्याऐवजी बॉयन्सी (वर न येता व खाली न जाता तरंगत राहण्याचा तोल) साधून एका पातळीवर स्थिर राहावे, श्वास संथ ठेवावा आणि थव्याच्या मधोमध शिरू नये. पाण्याला ओढ असेल तर मार्गदर्शक आपल्याला खडकाच्या आडोशाला घेईल. तेथून हलू नये, मात्र जिवंत प्रवाळाला हात लावू नये. अशा शांत डायव्हर्सभोवती थवा कधी कधी आपणहून सावकाश वर्तुळात फिरू लागतो.

बाराकुडा मुख्यतः नजरेने शिकार करतो आणि लहान माशांच्या खवल्यांची चमक त्याला खुणावते. त्यामुळे अंगठ्या, साखळ्या, पैंजण आणि चकाकणारी घड्याळे किनाऱ्यावरच ठेवावीत, ही आमची अट आहे. माणसांना झालेल्या मोजक्या चाव्यांमागे बहुधा अशी चमक, गढूळ पाणी किंवा भाल्याला लागलेला तडफडणारा मासा असतो. म्हणून पाणी गढूळ असेल त्या दिवशी आम्ही ही डाइव्ह रद्द करतो. माशांना खाऊ घालण्याची परवानगी आम्ही कोणालाही, कितीही आग्रह झाला तरी, देत नाही, कारण हातातून अन्न मिळण्याची सवय लागलेला शिकारी मासा पुढच्या डायव्हरच्या हाताकडेही त्याच अपेक्षेने येतो.

आमच्या मते पाण्यातल्या बाराकुडापेक्षा ताटातला मोठा बाराकुडा अधिक धोक्याचा आहे. उष्ण समुद्रांतील प्रवाळखडकांवर वाढणाऱ्या काही सूक्ष्म शैवालांमध्ये सिग्वाटेरा या विषबाधेस कारणीभूत ठरणारे विष तयार होते. शैवाल खाणाऱ्या लहान माशांमार्फत ते मोठ्या शिकारी माशांत साठत जाते. शिजवून किंवा गोठवून ते नष्ट होत नाही आणि माशाच्या चवीवरून वा वासावरून ओळखताही येत नाही. प्रवाळखडकांजवळ पकडलेला मोठा बाराकुडा खाणे त्यामुळे टाळावे. मासा खाल्ल्यानंतर उलट्या, जुलाब, ओठांभोवती मुंग्या किंवा गार वस्तूला हात लावताच चटका बसल्यासारखे वाटणे, अशी लक्षणे जाणवल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे आणि कोणता मासा केव्हा खाल्ला, हे त्यांना आवर्जून सांगावे.