वर्गाबाहेर काढलेल्या मुलाला काय मिळते?

गणिताचा तास सुरू झाला की एखादा मुलगा वही फेकतो, शेजारच्याला ढकलतो आणि शिक्षक त्याला वर्गाबाहेर उभे करतात. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा घडते. शिक्षकांच्या लेखी ही शिक्षा असते, पण न जमणाऱ्या गणितातून मुलाची सुटका झालेली असते आणि त्यामुळे ते वर्तन अधिकच पक्के होत जाते.

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विकासात्मक अक्षमता असलेली चार मुले होती. काम अवघड असले की कुणी बिथरे, तर मोठ्यांचे लक्ष कमी झाले की कुणी. पहिल्या कारणासाठी मुलांना ‘मला समजत नाही’ असे सांगायला शिकवले आणि दुसऱ्यासाठी ‘माझे काम नीट चालले आहे का?’ असे विचारायला. कारणाला जुळणारे वाक्य शिकवल्यावर त्रासदायक वर्तन घटले, न जुळणारे शिकवून मात्र फरक पडला नाही. मला हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण नुसते प्रेमाने वागणे पुरेसे नसून मूल नेमके काय मागते आहे हे ओळखावे लागते, असे त्यातून दिसते.

ते ओळखण्याची रीत साधी आहे: घटनेच्या आधी काय झाले, मुलाने काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले, याची काही दिवस नोंद ठेवायची. अमेरिकेतील अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणविषयक कायद्यात १९९७ साली अशा तपासणीचा समावेश झाला. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. पण शिक्षेच्या जागी काय करायचे हे शिक्षकांना शिकवल्याशिवाय, साठ मुलांच्या वर्गात एकट्या उभ्या असलेल्या बाईंना दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

जुन्या वर्तनाला प्रतिसाद मिळेनासा झाला की ते आधी काही काळ वाढू शकते, आणि नेमका याच टप्प्यावर उपाय फसला असे समजून तो सोडला जातो. शिवाय नैराश्य, तीव्र चिंता किंवा घरातील हिंसा यांची शंका असल्यास वर्गातील नोंदवहीवर न थांबता समुपदेशक आणि डॉक्टर यांची मदत घ्यायलाच हवी. अशी कित्येक मुले कुणालाच त्रास देत नाहीत, म्हणून त्यांची तक्रारही येत नाही. त्यांच्यापैकी कुणी महिनाभर हात वर केला नाही किंवा मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही, तर तेही त्याच वहीत लिहायला हवे.